टरफलांचा माग

सप्टेंबरच्या सुरुवातीला, दक्षिण ओहायोच्या टेकड्यांत, उजाडायच्या जरा आधी शॅगबार्क हिकरीच्या झाडाखाली जाऊन बसलं की थोड्या वेळाने पानांवर टपटप सुरू होते. आभाळ निरभ्र असतं, वाऱ्याचा पत्ता नसतो, तरी वरून काहीतरी बारीक पडत राहतं. हात पुढे केला तर तळव्यावर हिरवट-पांढरे कपचे जमतात. वर साठ-सत्तर फुटांवर राखाडी खार बसलेली असते. दोन्ही पंजांत हिकरीचं फळ धरून, ते गोल फिरवत ती कुरतडत असते आणि तिच्या दातांखालचा भुसा पानापानांवरून घरंगळत खाली येतो. खार दिसत नाही, कारण पानं अजून दाट असतात. दिसतो तो फक्त भुसा. जाणता माणूस तेवढ्यावरून सांगतो की वर एक आहे की तिघीचौघी आहेत, आणि त्या आजच आल्यात की आठवडाभर याच झाडावर मुक्काम आहे.

असा जाणता माणूस मला शेजारीच मिळाला. माझ्या मुली त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून आता सगळं घरच म्हणतं. आजोबांचा जन्म पूर्व केंटकीच्या डोंगरांतला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या डोंगरांतली हजारो कुटुंबं कारखान्यांतल्या कामासाठी ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटी, हॅमिल्टन, डेटनकडे आली, त्यांत त्यांचे आईवडीलही होते. आजोबांची उभी हयात गॅरेजमध्ये गाड्यांखाली आडवं पडून गेली. शाळेत त्यांना वनस्पतिशास्त्र कोणी शिकवलं नाही. पण जानेवारीत, पान नावाला नसताना, नुसत्या सालीवरून ते हिकरी, अॅश, काळा अक्रोड आणि चार जातींचे ओक ओळखतात. कसं जमतं म्हणून विचारलं तेव्हा माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं. झाड ओळखता आलं नाही तर खार कुठे मिळणार, असं ते म्हणाले.

माझं सगळं कुतूहल तिथून सुरू झालं. हरणाच्या शिकारीत पायवाटा, वारा, मचाण यांचं महत्त्व. टर्की पक्ष्याच्या शिकारीत हाक देण्याची कला. खारीच्या शिकारीत मात्र झाड कळलं की निम्मं काम झालं, कारण रानात कुठलं फळ कधी पिकतं त्याप्रमाणे खारी जागा बदलतात. हंगाम उघडतो तेव्हा त्या हिकरीवर असतात. हिकरीचा बहर ओसरला की बीचच्या झाडाकडे, मग पांढऱ्या ओककडे, मग लाल ओककडे, आणि मधूनच काळ्या अक्रोडाकडे. ओहायोत हा हंगाम 1 सप्टेंबरपासून 31 जानेवारीपर्यंत चालतो आणि माणशी दिवसाला सहा खारी मारायची मुभा असते. या पाच महिन्यांत आजोबांच्या बसायच्या जागा डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर सरकत जातात. कुठल्या सोंडेवर कुठलं झाड आहे याचा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर काढून द्या म्हटलं तर हसतात.

एकदा ऑक्टोबरात पांढऱ्या ओकखालून त्यांनी एक फळ उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. फळ अख्खं दिसत होतं, फक्त टोकाला नखाएवढी खाच होती, जणू कुणी पोखरून काहीतरी काढून घेतलंय. ती खारीच्या दाताची खाच. पांढऱ्या ओकचं फळ जमिनीवर पडलं की त्याच शरदात लगेच रुजू लागतं. असं फळ पुरून ठेवलं तर मोड फुटतो आणि साठा हातचा जातो. म्हणून खार ते एक तर तिथल्या तिथे खाते, नाहीतर टोकातला कोंब दातांनी काढून टाकते आणि मगच पुरते. लाल ओकचं फळ वसंत ऋतूपर्यंत रुजत नाही, त्यात तुरटपणाही जास्त, त्यामुळे ते निर्धास्तपणे पुरून ठेवता येतं. पुरलेल्यांपैकी काही खारीला सापडत नाहीत, किंवा ती स्वतःच तोवर कुणाच्या तरी पोटात गेलेली असते. त्यांतूनच पुढची झाडं उगवतात. यावर संशोधकांनी पुष्कळ लिहिलं आहे. आजोबांना ते त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी मला सांगितलं ते हातातलं फळ खिशात टाकता टाकता. ते फळ पुढे मी खिडकीत बरेच दिवस ठेवलं होतं. अर्थातच रुजलं नाही.

आम्ही जातो ते रान आयर्नटन गावाच्या उत्तरेला, वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये. सिनसिनाटीहून 52 नंबरचा रस्ता धरायचा. उजव्या हाताला ओहायो नदी, पलीकडे केंटकी, मधल्या गावांत बंद पडलेले कारखाने. रानात शिरल्यावर व्हिसूव्हियस नावाची दगडी भट्टी लागते, 1833 सालची. एकोणिसाव्या शतकात या टेकड्यांत अशा कितीतरी लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या होत्या. इथेच खनिज, इथेच चुनखडी, आणि कोळसा करायला इथलीच झाडं. एकेक भट्टी वर्षाला शेकडो एकर रान खायची. आज मान वर करकरून आपण ज्या ओककडे बघतो, ते त्या कापाकापीनंतर पुन्हा वाढलेले आहेत. गोरे लोक येण्याआधी ओहायोचा पंचाण्णव टक्के भाग जंगलाखाली होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो जेमतेम बारा टक्क्यांवर आला. आता पुन्हा तीस टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या माणसाला हा आलेख उलटा वाटतो. रान गेलं की गेलं, हीच आपली सवय.

त्या आधीच्या रानात खारी इतक्या होत्या की त्या शिकार नव्हत्याच, उपद्रव होत्या. पेनसिल्व्हेनियाने 1749 साली मारलेल्या खारीमागे तीन पेन्स इनाम लावलं आणि सहा लाखांहून जास्त खारींचे पैसे मोजता मोजता तिजोरीला घाम फुटला. ओहायोने 1807 मध्ये अजब कायदाच केला. करदात्याने करासोबत खारींच्या डोक्यांची कातडीही जमा करायची, कमीत कमी दहा, जास्तीत जास्त शंभर. 1822 साली कोलंबसच्या आसपास सामुदायिक शिकार झाली, त्यात एकोणीस हजारांवर कातडी मोजली गेली. वाचताना अंगावर काटा येतो, आणि मग कोकण आठवतं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य 1985 मध्ये झालं, शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र असतं. पण नारळाला भोक पाडून आतलं खोबरं फस्त करणाऱ्या शेकराबद्दल माडाचा मालक काय बोलतो ते पुस्तकात छापण्यासारखं नसतं. मक्याचं पीक डोळ्यांदेखत जाताना बघणाऱ्या 1807 च्या शेतकऱ्याला मी म्हणूनच फार नावं ठेवत नाही. कायदा करणाऱ्यांना ठेवतो.

आणि ते रान संपत आलं तशी राखाडी खारही आटली. तिला सलग, दाट, जुनी झाडी लागते. झाडी तुटून मधे शेतं आली तेव्हा तिची जागा तिच्या थोराड, तांबूस बहिणीने, फॉक्स स्क्विरलने घेतली. तिला शेताच्या कडेची विरळ झाडं मानवतात. कुठल्या टेकडीवर कुठल्या रंगाची खार दिसते यावरून तिथलं रान किती भरलं हे कळतं, असं आजोबा म्हणतात. आमच्या सोंडेवर आता राखाडीच दिसतात.

या शिकारीला लढाईचंही एक प्रकरण चिकटलेलं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1862 च्या सप्टेंबरात, दक्षिणेचं सैन्य केंटकीतून सिनसिनाटीच्या रोखाने सरकलं. गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली आणि गावोगावचे शेतकरी घरची बंदूक खांद्यावर टाकून निघाले. पंधरा हजारांहून जास्त लोक जमले. गणवेश नाही, कवायत माहीत नाही. कोळशाच्या बार्जेस जोडून नदीवर पूल टाकला आणि पलीकडे जाऊन बसले. मोठी लढाई झालीच नाही, दक्षिणेचं सैन्य मागे फिरलं. ओहायोच्या इतिहासात या लोकांचं अधिकृत नाव ‘स्क्विरल हंटर्स’ असंच आहे. ओहायोच्या माणसाने हे छाती काढून सांगावं आणि आमच्या केंटकीच्या आजोबांनी त्यावर पाणी ओतावं हे ठरलेलं. त्यांचं म्हणणं, समोरचेही खारी मारूनच नेम शिकले होते, म्हणून तर दोघांनी गोळी झाडली नाही. केंटकीचा दंतकथा बनलेला शिकारी डॅनियल बून खारीला गोळी न लावता तिच्या पायाखालची साल उडवून धक्क्यानेच तिला मारायचा, अशी जी गोष्ट इकडे सांगतात तिच्याबद्दलही त्यांचं मत असंच एका शब्दाचं आहे. थापा.

आता प्रत्यक्ष शिकार कशी होते ते सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे.

अंधारात जागा गाठायची. खोडाला पाठ टेकून बसायचं, आपलं अंग त्या खोडाआड हरवेल असं. पहिली पंधरा-वीस मिनिटं रान तुमच्यावर रुसलेलं असतं, मग हळूहळू विसरतं. सप्टेंबरात डास कानाशी गातात आणि हात हलवायची सोय नसते. गोचिड्या असतातच. त्यांतली पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार जातीची चावली तर एखाद्याला मटण, बीफ, डुक्कर, सगळ्याच सस्तन प्राण्यांच्या मांसाची अॅलर्जी जडते. शिकाऱ्याला शिकारच खाता येऊ नये, हा सूड कुणी योजला असेल तर दाद द्यायला हवी. पानं दाट असतात तोवर आजोबा छऱ्यांची ट्वेंटी गेज बंदूक वापरतात. पानगळ झाली की पॉइंट टू-टू रायफल. तिची गोळी पेन्सिलीच्या टोकाएवढी, पण काडतुसाच्या डबीवरच इशारा छापलेला असतो की ती दीड मैल जाऊ शकते. म्हणून फांदीवर बसलेल्या, मागे नुसतं आभाळ असलेल्या खारीवर रायफल उचलायची नाही. मागे जाड खोड हवं, नाहीतर टेकडीचं अंग. अशी कितीतरी हातची सावजं त्यांनी सोडलेली मी पाहिली आहेत. चाप ओढण्याचा निर्णय सेकंदाचा असतो असं मला वाटायचं. त्यांचा निर्णय बहुतेक वेळा न ओढण्याचा असतो.

खार गप्प झाली तर तिला पुन्हा बोलती करायची युक्ती आहे. क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची, दोन नाणी घ्यायची आणि एकाची करवती कड दुसऱ्याच्या कडेवर घासायची. टरफल कुरतडल्याचा हुबेहूब आवाज येतो. इथे कुणीतरी बिनघोर खातंय म्हणजे धोका टळला, असं वाटून वरची पुन्हा खायला लागते. आणि तिने माणूस पाहिलाच, तर ती पळत नाही. खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन चिकटते. तुम्ही डावीकडून गेलात तर ती उजवीकडे सरकते, खोड कायम मधे. एकट्या माणसाला ती अख्खी सकाळ खेळवू शकते. काही जण पलीकडे दगड भिरकावतात, काही जण टोपी टाकतात. आजोबांकडे मी आहे. ते बसून राहतात, मी उठून पाचोळा वाजवत झाडाला वळसा घालतो. खार माझ्यापासून लपायला त्यांच्या बाजूला येते.

मी बंदूक हाती घेत नाही. परवाना काढायला कोर्स करावा लागतो, तो मी केलेला नाही, करायचा विचारही नाही. हे मी मंडळाच्या गणपतीत कुणाला सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो, बरं झालं, आपल्यातला मारत नाही. मला मात्र त्या वळशानंतर सुटका वाटत नाही. बार झाला की दोन गोष्टी होतात. रान एकदम मुकं होतं आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. मग मीच पाचोळ्यातून ती उचलतो. ती अर्ध्या किलोची असते, ऊबदार, अंगाच्या मानाने शेपूट भलंमोठं, पंजांची नखं अजून काहीतरी धरल्यासारखी वळलेली. मिशांना हिकरीचा भुसा लागलेला असतो. हाताने मारलं त्यांनी, पायाने मी. आजोबांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले की खाणाऱ्यालाही त्यात धर. ते बरोबर होतं, आणि त्याने काहीच हलकं झालं नाही.

आईला हे सगळं कळल्यावर ती फोनवर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली तिला मारता? मी म्हटलं, इथल्या खारीला पट्टे नसतात गं, नुसती राखाडी असते. “मग राम तिथवर पोचला नसेल,” ती म्हणाली, “तुम्ही पोचलात ना?” पण हीच आई ज्या घरात वाढली तिथे माजघराच्या खुंटीवर ठासणीची बंदूक होती. थोरल्या मामांना शेतीच्या राखणीसाठी तिचा परवाना होता. दारू, चिंधी, छरे, वरून गजाने ठासायचं, तेव्हा कुठे एक बार. रानडुकराचा वाटा घरोघर जायचा आणि आई तो आवडीने रांधायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीच्या गोष्टी मोठ्याने सांगणं थांबलं, मामांची बंदूक फटाके वाजवून वानरं पिटाळण्यापुरती उरली. कायदा योग्यच होता, आपल्याकडे उरलेलंच इतकं कमी होतं. पण त्यानंतर दोन पिढ्यांत मामांच्या घरात रान ओळखणारं कुणी राहिलं नाही हेही मी पाहिलं आहे. माझा मामेभाऊ पुण्यात असतो. ऐन आणि किंजळ यांतला फरक त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. ओहायोतला लाल ओक आणि काळा ओक मात्र आता मी पानावरून वेगळा सांगू शकतो, आणि याचं मला दर वेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं.

खार सोलणं हे मारण्याहून अवघड. सशाचं कातडं ओल्या कागदासारखं सुटतं, खारीचं चिवट, सुटता सुटत नाही, वर केस मांसाला चिकटतात. म्हणून आधी पाण्यात बुडवून घ्यायची. मग शेपटाच्या मुळाशी खालच्या बाजूने सुरीने आडवी चीर द्यायची, हाड तुटलं पाहिजे पण वरचं कातडं शाबूत. शेपटावर बुटाची टाच ठेवायची, मागचे पाय दोन्ही हातांत धरायचे आणि सावकाश, न थांबता वर ओढायचं. नीट जमलं तर पाठीपासून मानेपर्यंतचं कातडं एका ओढीत सदऱ्यासारखं निघून येतं. आजोबांना यासाठी सिगरेट ओढायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीस एखादीच्या कातड्याखाली बॉटफ्लाय नावाच्या माशीची अळी निघते, अंगठ्याच्या पेराएवढी, काळपट. कातड्यासोबत ती निघून जाते, मांसाला काही होत नाही, पण ती एकदा बघितली की जेवणावरची वासना दोन दिवस उडते. पुष्कळ जण म्हणूनच पहिलं हिंव पडेपर्यंत रानात फिरकत नाहीत.

खाण्याबद्दल सांगायचं तर केंटकीची रीत साधी आहे. तुकडे उकडून घ्यायचे, मिठामिरीच्या मैद्यात घोळून कढईत तळायचे, उरलेल्या तुपकट खरडीत मैदा आणि दूध घालून दाट ग्रेव्ही करायची आणि गरम बिस्किटावर ओतायची. इथलं बिस्किट म्हणजे फुगीर, मऊ, पावासारखं. आजोबांच्या लहानपणी मेंदूही अंड्यात घालून खात. 1997 मध्ये केंटकीतल्या डॉक्टरांनी अशा खाण्याचा मेंदूच्या एका असाध्य आजाराशी संबंध असू शकतो अशी शंका मांडली. संबंध सिद्ध झाला नाही, पण शंकाच एवढी भयंकर होती की आजोबांच्या बायकोने डोकी घरात आणायला बंदी घातली. आमच्या घरी मांस परसातल्या वेगळ्या कुकरमध्ये शिजतं, घरातला मिळणार नाही असं फर्मान आहे. तरण्या खारीला दोन शिट्ट्या पुरतात, जुन्या नराला सहा शिट्ट्यांनंतरही दातांशी भांडायचं असतं. मी मालवणी मसाला आणि भाजलेलं सुकं खोबरं वाटून सुकं करतो. मांस कोंबडीच्या तंगडीहून गडद, किंचित गोडसर, आणि खरोखरच मागे अक्रोडाची चव राहते. आजोबांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा स्वतःचा डबा घेऊन आले.

त्यांच्या तरुणपणी पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की हातात पॉइंट टू-टू यायची आणि सुरुवात खारीनेच व्हायची. गरिबाची शिकार ती, ना जमीन लागते, ना महागडी सामग्री. आता त्यांच्या नातवाला थेट हरीण हवं आहे, मोठ्या शिंगांचं, भिंतीवर लावण्याजोगं. झाडावर मचाण बांधलेलं असतं, कॅमेरा रात्रभर फोटो काढून मोबाइलवर पाठवतो, पोरगा जाऊन बसतो. ओकचं झाड कुठलं हे त्याला माहीत नसलं तरी चालतं, कॅमेऱ्याला माहीत असतं. यात मला म्हाताऱ्यांचं नेहमीचं रडगाणं ऐकू येतं, आणि तरी ते खोटं नाही. शिकाऱ्यांची संख्या घटण्याचा आणखी एक कोन आहे. रायफली, छऱ्यांच्या बंदुका आणि काडतुसं यांवर केंद्राचा कर आहे, आता तो अकरा टक्के आहे, आणि 1937 च्या केंद्रीय कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठीच खर्च करायला लावला. म्हणजे खारीवर झाडलेल्या प्रत्येक काडतुसातून काही सेंट खारीच्या रानाकडे जातात. मी दुर्बीण विकत घेऊन नुसता बघतो त्यातून काही जात नाही. प्राणीप्रेमी मित्रांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

आजोबांना खरी काळजी वेगळीच आहे. रान म्हणजे कायमचं काही नाही हे त्यांनी घरी ऐकलेलं आहे. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी आढळली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत पूर्वेकडच्या रानांतली अब्जावधी चेस्टनट मेली. त्यांचे वडील सांगत की चेस्टनट होता तोवर दुष्काळी साल हा प्रकारच खारींना ठाऊक नव्हता, तो दर वर्षी फळायचा. ओक तसा नाही. तो एखाद्या वर्षी धो धो फळतो आणि दुसऱ्या वर्षी पाठ फिरवतो. 1967 ला रग्गड फळलं, खारी वाढल्या, 1968 ला फळंच नाहीत. त्या सप्टेंबरात खारी रानंच्या रानं सोडून निघाल्या. महामार्गांवर चिरडून आणि जलाशय पोहून जाताना बुडून किती मेल्या त्याला हिशेब नाही. आमच्या डोळ्यांदेखत पाचूच्या रंगाच्या एका भुंगेऱ्याने अॅशची झाडं उभी वाळवली. तो 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला होता. आणि 2012 पासून ओहायोतच बीचच्या पानांचा एक नवा रोग पसरतो आहे.

ओक मात्र धडधाकट दिसतो. निदान मला दिसायचा, आजोबांनी खाली बघायला सांगेपर्यंत. वरती ओकचं छत, आणि खाली गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं आहेत ती सगळी मेपलची. शोधूनही ओकचं पोर सापडत नाही. ओकच्या रोपाला ऊन लागतं, मेपल सावलीतही वाढतो. पूर्वी अधूनमधून रानात हलका वणवा फिरायचा, पातळ सालीचा मेपल मरायचा, ओक जाड सालीवर आणि खोल मुळांवर तगायचा. शंभर वर्षं आपण वणवे विझवत आलो, त्याचं हे पीक. हे म्हातारे ओक पडतील तेव्हा वर मेपल असेल, आणि मेपलच्या पंखवाल्या बियांवर खारींचा हिवाळा निघत नाही. वनखातं आता वसंतात काही टेकड्या मुद्दाम, बेताने जाळतं. आम्ही एप्रिलमध्ये तिथे गेलो होतो. काळी जमीन, बुंधे हातभर उंचीपर्यंत करपलेले, बुटाखाली राख. मला ते बघवत नव्हतं. आजोबा एखाद्या कंत्राटदाराने कामाची पाहणी करावी तसे हिंडत होते आणि करपलेले मेपल मोडून बघत होते. पांढऱ्या ओकला भरपूर फळायला पन्नास वर्षं लागतात, हा हिशेब मी तिथे मनातल्या मनात केला. त्यांनी केला की नाही ते विचारलं नाही.

शेपटांचं राहिलं. ती आजोबा फेकत नाहीत. बुंध्याला मीठ चोळून, सरळ वाळवून एका खोक्यात ठेवतात आणि हंगाम संपला की ते खोकं विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावी टपालाने जातं. तिथली मेप्स नावाची कंपनी माशांसाठी गळाच्या चकाकत्या फिरक्या बनवते आणि फिरकीच्या मागे खारीच्या शेपटाचे केस बांधते. पाण्यात ते केस जसे हलतात तसा दुसरा कुठलाही धागा हलत नाही म्हणे. कंपनी शेपटांचे पैसे देते, पैशांऐवजी फिरक्या घेतल्या तर जास्त मोल देते, आणि नुसत्या शेपटासाठी खार मारू नका असंही बजावते. आजोबा अर्थात फिरक्या घेतात. मग मे महिन्यापासून आम्ही ओढ्यावर. तिथे मात्र गळ टाकायला मला कुठलाही कोर्स लागत नाही, फक्त मासेमारीचा परवाना, आणि तो मी दर वर्षी न चुकता काढतो. मासा मारताना माझ्या पोटात खड्डा का पडत नाही असं धाकटीने विचारलं होतं. मी तिला आजोबांकडे पाठवलं. त्यांनी तिला मासा साफ करायला शिकवलं.